एक दाता, एकच जोडपं

छत्रपती संभाजीनगरातल्या हर्सूलला महाराष्ट्र पशुधन विकास मंडळाची गोठित वीर्य प्रयोगशाळा आहे. जातिवंत वळूंचं वीर्य तिथं गोळा होतं, सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं जातं आणि बारीक कांड्यांत भरून उणे १९६ अंशांवर, द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलं जातं. फुलंब्री-सिल्लोडकडच्या शेतकऱ्याला यात काही नवल वाटत नाही. गाय माजावर आली की तो जनावरांच्या डॉक्टरांना फोन करतो. डॉक्टर कॅनमधून कांडी काढतात, कोमट पाण्यात धरतात आणि भरतात. कांडी कोणत्या वळूची, त्याच्या आईला दूध किती होतं, हे शेतकरी बायकापोरांसमोर बिनदिक्कत विचारतो.

माणसाचं वीर्य साठवायची रीत जवळजवळ हीच आहे. १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर पोल्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं दिसलं की ग्लिसरॉल मिसळलं तर गोठवलेले शुक्राणू वितळवल्यावरही जिवंत राहतात. त्यांचं काम कोंबड्याच्या वीर्यावर होतं. चारच वर्षांनी, १९५३ मध्ये, अमेरिकेत आयोवा इथं बंज आणि शेरमन यांनी माणसाच्या गोठवलेल्या वीर्यातून गर्भधारणा झाल्याचं जाहीर केलं. जनावरांचं आणि माणसांचं शास्त्र असं हातात हात घालून पुढं आलं. पण गोठ्यात मोकळेपणानं होणारी चौकशी घरात शिरली की सगळ्यांचा आवाज खाली जातो. ज्याला मूल हवंय तो लपूनछपून विचारतो आणि ज्याला वीर्यदान करायचंय तो रात्री मोबाईलवर शोधतो. त्यामुळं दोघांच्याही हाती अर्धवट माहिती पडते. तिचा फायदा घ्यायला मध्यस्थ टपलेले असतात.

छत्रपती संभाजीनगरात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी, कॉलेजात शिकणारी, वाळूजच्या कारखान्यांत कंत्राटी काम करणारी तरुण मुलं पुष्कळ आहेत. खोलीभाडं, मेसचं बिल, अभ्यासिकेची फी यांचा मेळ घालताना कुणीतरी सुचवतं, ‘अरे, वीर्य दिलं की पैसे मिळतात.’ या समजुतीला २०१२ च्या ‘विकी डोनर’ चित्रपटानं खतपाणी घातलं. शूजित सरकार यांचा हा चित्रपट चांगला होता. चारचौघांत ज्याचं नाव निघत नव्हतं त्या विषयावर त्यानं देशाला बोलतं केलं. पण त्यातला नायक वारंवार वीर्य देतो, त्याच्या एकट्याच्या वीर्यातून कितीतरी घरांत पाळणे हलतात आणि त्याच्या खिशात पैसा खेळू लागतो. आज भारतात हे घडलं तर तो गुन्हा ठरेल.

सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा २०२१ मध्ये संमत झाला आणि २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्याआधी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २००५ ची मार्गदर्शक तत्त्वं होती, पण ती मोडली तरी शिक्षा नव्हती. नव्या कायद्यातलं कलम २७ दात्यांविषयी आहे. त्यानुसार वीर्य देणाऱ्या पुरुषाचं वय २१ ते ५५ च्या दरम्यान हवं. आणि एका दात्याचं वीर्य बँकेनं एकापेक्षा अधिक जोडप्यांना द्यायचं नाही. एक दाता, एकच जोडपं. दाता आयुष्यात एका घराच्या उपयोगी पडणार आणि तिथं त्याचं काम संपणार.

हा नियम जाचक आहे, त्यामुळं दात्यांचा तुटवडा झाला आणि उपचार महागले, अशी वंध्यत्वतज्ज्ञांची तक्रार आहे. ती खरी आहे. पूर्वी एका निरोगी दात्यामागं अनेक जोडप्यांची सोय व्हायची. आता दर जोडप्यासाठी नवा माणूस शोधायचा, तपासायचा, सहा महिने थांबायचं. तरीही मला हा नियम योग्य वाटतो, आणि त्याचं कारण आपल्याच सोयरिकीच्या रीतीत आहे. मराठवाड्यात लग्नं जातीत होतात आणि पुष्कळदा शेजारच्या दोन-तीन तालुक्यांतच होतात. मामाच्या मुलीवर पहिला हक्क सांगण्याची पद्धत अजून मोडलेली नाही. कूळ बघतात, देवक बघतात, एकच देवक निघालं तर ठरत आलेली सोयरीक मोडते. दात्याचं देवक मात्र कुणालाच ठाऊक नसतं. एकाच दात्याच्या वीर्यातून एका जिल्ह्यात पंधरा-वीस मुलं जन्मली आणि वीस-बावीस वर्षांनी त्यांतल्याच दोघांची पत्रिका जुळली, तर सावत्र बहीणभावाचं लग्न लागेल आणि मांडवातल्या एकालाही त्याचा पत्ता नसेल.

युरोपात जिथं असं बंधन सैल होतं तिथं काय झालं, याची दोन उदाहरणं ताजी आहेत. नेदरलँड्समधल्या योनाथन मायर या माणसानं वेगवेगळ्या क्लिनिकांत आणि परस्परही वीर्य दिलं. त्याची मुलं पाचशेहून अधिक असावीत असा अंदाज निघाल्यावर हेगच्या न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये त्याला पुढं वीर्यदान करायला मनाई केली. दुसरं उदाहरण जास्त चटका लावणारं आहे. युरोपातल्या एका दात्याच्या शुक्राणूंमध्ये टीपी५३ या जनुकात बिघाड होता. हा जनुक शरीराला कर्करोगापासून राखतो. दाता स्वतः ठणठणीत होता आणि नेहमीच्या तपासणीत हा बिघाड दिसण्यासारखा नव्हता. मे २०२५ मध्ये तज्ज्ञांनी ही माहिती मांडली तेव्हा आठ देशांत त्याची किमान ६७ मुलं सापडली होती आणि त्यांतल्या दहांना कर्करोग झालेला होता. तपासणी कितीही बारकाईनं केली तरी काही गोष्टी निसटणारच. त्या एका घरापुरत्या राहाव्यात, एवढी काळजी कायदा घेऊ शकतो.

दात्याची गरज नेमकी कुणाला पडते? एकूण पुरुषांपैकी साधारण एक टक्का पुरुषांच्या वीर्यात शुक्राणूच नसतात. मूल होत नाही म्हणून तपासणीला आलेल्या पुरुषांत हे प्रमाण दहा ते पंधरा टक्के असतं. दवाखान्यात याला सरळ ‘निल रिपोर्ट’ म्हणतात. काहींमध्ये शुक्राणू तयार होत असतात, पण वाट बंद असते. अशा वेळी अंडकोशातून सुईनं शुक्राणू काढून एकेक शुक्राणू स्त्रीबीजात सोडता येतो. इक्सी नावाची ही पद्धत १९९२ मध्ये ब्रसेल्समधून पुढं आली आणि तिच्यामुळं जिथं पूर्वी दात्याशिवाय इलाज नव्हता, अशा कित्येक पुरुषांना स्वतःचं मूल झालं. म्हणून निल रिपोर्ट आला की लगेच दात्याचं नाव काढणाऱ्या डॉक्टरांपाशी थांबू नये, आधी दुसरं मत घ्यावं. शुक्राणू तयारच होत नसतील, किंवा पुरुषाकडून मुलाला गंभीर आनुवंशिक आजार जाण्याचा धोका असेल, तेव्हा दात्याचा विचार येतो. एकट्या स्त्रीलाही हा मार्ग कायद्यानं मोकळा आहे, तिचं वय २१ ते ५० मध्ये बसलं म्हणजे झालं.

पण या टप्प्याला यायलाच आपल्याकडं वर्षं जातात. लग्नाला दोन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही की पहिली चिठ्ठी सुनेच्या नावाची निघते. तिची सोनोग्राफी होते, पिशवी साफ होते, दुर्बिणीतून तपासणी होते. नवस, अंगारे, उपास वेगळेच. नवऱ्याच्या वीर्याची तपासणी या सगळ्यांत स्वस्त आणि कमी त्रासाची, पण तिला तो सर्वांत शेवटी आणि घरच्यांच्या नकळत तयार होतो. जगभरच्या अभ्यासांनुसार मूल न होण्याच्या जवळजवळ निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडची बाजूही कारणीभूत असते. ही तपासणी पहिल्याच भेटीत झाली पाहिजे. तिचा आग्रह सासूनं धरला तर फार बरं होईल.

आणखी एक प्रश्न आडून आडून विचारला जातो: बाहेरच्या कुणाचं घेण्यापेक्षा धाकट्या भावाचं चालेल का? रक्त घरातलंच राहील. यामागची भावना कळते. महाभारतात विचित्रवीर्याच्या मृत्यूनंतर सत्यवतीनं व्यासांना बोलावलं आणि अंबिका, अंबालिका यांना धृतराष्ट्र आणि पंडू झाले, ही कथा आपल्या रक्तात भिनलेली आहे. अमोल पालेकरांनी २००३ मध्ये ‘अनाहत’ या मराठी चित्रपटात नियोगाचाच विषय घेतला आणि त्यात राणीच्या मनाला मध्यभागी ठेवलं. पण नियोगात सगळ्यांना सगळं ठाऊक असायचं. आजच्या घरात ते गुपित ठेवून दिराला रोज समोर बघायचं, वाटणीच्या वेळी किंवा भांडणात ते बाहेर पडायचं, हे त्या बाईला आणि मुलाला झेपणारं नाही. २००५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नातेवाइकाचं किंवा ओळखीच्या मित्राचं वीर्य वापरायला स्पष्ट मनाई केली होती. आताच्या कायद्यानंही दाता यायचा तो नोंदणीकृत बँकेमार्फतच.

वीर्यदान करू इच्छिणारे बहुतेक जण चुकतात ते इथंच. ते क्लिनिक शोधतात. जालना रोडवरून, समर्थनगर-उस्मानपुऱ्यातून जाताना ‘टेस्ट ट्यूब बेबी सेंटर’च्या पाट्या दिसतात, तिथं जाऊन ‘डोनेशन करायचंय’ असं सांगतात. कायद्यानं दोन्ही कामं वेगळी केली आहेत. दात्याची तपासणी करणं, वीर्य गोळा करणं आणि साठवणं हे काम स्वतंत्र संस्था म्हणून नोंदलेल्या बँकेचं आहे. क्लिनिकनं बँकेकडून वीर्य मागवायचं आणि उपचार करायचे. क्लिनिकांतही दोन स्तर आहेत. पहिल्या स्तरावर फक्त आययूआय करता येतं, म्हणजे धुऊन तयार केलेलं वीर्य नळीनं गर्भाशयात सोडायचं. टेस्ट ट्यूब, इक्सी हे सगळं दुसऱ्या स्तरावर. म्हणून दारात विचारायचं ते एवढंच: तुमची नोंदणी बँक म्हणून आहे का? असेल तर प्रमाणपत्र दाखवा. राज्यातल्या नोंदणीकृत क्लिनिकांची आणि बँकांची नावं राष्ट्रीय नोंदवहीच्या सरकारी संकेतस्थळावर बघता येतात. प्रमाणपत्रावरचा क्रमांक तिथल्या नावाशी ताडून बघायला पाच मिनिटं लागतात. नोंदणी पाच वर्षांसाठी असते, तेव्हा तारीखही बघावी.

शहरात सोयीची बँक मिळाली नाही तर पुणे-मुंबईकडं नजर वळते. वळू द्यावी, पण एक हिशेब आधी करावा. वीर्यदान एका भेटीत आटोपत नाही. तपासणीसाठी जायचं, मग काही वेळा नमुने द्यायला जायचं, आणि सहा महिन्यांनी रक्त द्यायला पुन्हा जायचं. ही शेवटची फेरी चुकवली तर आधीचं सगळं वाया जातं. ज्याला दर वेळी रात्रीची बस पकडून जाणं जमणार नाही, त्यानं सुरुवातच करू नये.

पैशांविषयी स्पष्ट बोलायला हवं. शुक्राणू, स्त्रीबीजं किंवा गर्भ विकणं, त्यांच्या खरेदी-विक्रीसाठी एजन्सी चालवणं हा गुन्हा आहे. पहिल्यांदा पाच ते दहा लाख रुपये दंड आणि पुन्हा सापडल्यास तीन ते आठ वर्षं कैद, शिवाय दहा ते वीस लाखांचा दंड. बँका दात्याला येण्याजाण्याचा खर्च आणि वेळेची भरपाई म्हणून काही रक्कम देतात. तिच्यावर महिन्याचं खोलीभाडं निघत नाही. त्यामुळं समाजमाध्यमांवर कुणी ‘दर वेळेला हजारो रुपये, राहणं-खाणं फुकट’ असं सांगत असेल, आधी नोंदणी फी मागत असेल, किंवा बँकेच्या बाहेर, हॉटेलात वगैरे भेटायला बोलावत असेल, तर तिथून निघावं. फी भरून पैसे बुडवून घेतलेली मुलं पोलिसांत जात नाहीत, कारण तक्रारीत काय लिहायचं याचीच त्यांना लाज वाटते. मध्यस्थाला ही लाज पक्की ठाऊक असते. ‘मुलगाच होईल अशी सोय करतो’ असं सांगणारा तर थेट तुरुंगाच्या वाटेवरचा माणूस आहे. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानं केला, आणि २०२१ च्या कायद्यानंही ठरवून मुलगा किंवा मुलगी देण्याला, त्यासाठी शुक्राणू वेगळे काढण्याला बंदी घातली आहे.

आता प्रत्यक्ष काय होतं ते. आधी बोलणं होतं. घरात कुणाला मधुमेह, मिरगी, मानसिक आजार, थॅलेसेमिया, सिकलसेल आहे का, आजी-आजोबा कशानं गेले, लहानपणी किंवा वयात आल्यावर गालगुंड झाले होते का. वयात आल्यानंतरच्या गालगुंडात अंडकोशाला सूज आली असेल तर शुक्राणू कमी होऊ शकतात, म्हणून हा प्रश्न. मग रक्त. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि सिफिलिस या चार तपासण्या कायद्याच्या नियमांतच आहेत. त्यानंतर वीर्याची तपासणी. तिच्यासाठी दोन ते सात दिवस संयम पाळायला सांगतात.

नमुना देण्याची खोली साधी असते: आतून कडी लागेल असं दार, हात धुवायला बेसिन, कोच. रुंद तोंडाची निर्जंतुक डबी हातात देतात. तिच्यावर क्रमांक आणि वेळ लिहिलेली असते. साबण, तेल, थुंकी काहीही वापरायचं नाही, नेहमीचा निरोध तर नाहीच, कारण या सगळ्यांनी शुक्राणू मरतात. सर्व वीर्य डबीत यायला हवं, विशेषतः सुरुवातीचा भाग, कारण सर्वाधिक शुक्राणू त्यातच असतात. थोडं सांडलं तर न लाजता सांगावं. न सांगितल्यास आकडा चुकतो आणि निरोगी माणसाच्या माथी दोष येतो. डबी ३७ अंशांच्या उबेत ठेवतात. घट्ट वीर्य अर्ध्या तासात पातळ होतं. मग तंत्रज्ञ चौकटी आखलेल्या काचेवर थेंब ठेवून मोजायला बसतात: सरळ पुढं पोहणारे किती, जागच्या जागी वळवळणारे किती, निपचित पडलेले किती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा दिली आहे. एकूण वीर्य १.४ मिलिलिटर, एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, हलणारे ४२ टक्के, सरळ पुढं पोहणारे ३० टक्के, योग्य आकाराचे ४ टक्के. मूल होण्यासाठी एवढं साधारणपणे पुरतं, दाता होण्यासाठी पुरत नाही. गोठवून वितळवताना साधारण निम्मे शुक्राणू मरतात, म्हणून बँकेला मुळात भरपूर हवे असतात. पहिला नमुना त्यासाठीच गोठवून, दुसऱ्या दिवशी वितळवून बघतात.

या चाळणीतून बरेच इच्छुक गळतात. गळाले म्हणजे त्यांना मूल होणार नाही असं मुळीच नाही, हे प्रत्येकाला नीट समजावून सांगायला हवं. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. आज दिसणारा आकडा अडीच महिन्यांपूर्वीच्या तापाचा, जागरणांचा, तंबाखूचाही असू शकतो. अंडकोशाला शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागतं, म्हणूनच ते शरीराबाहेर असतात. भट्टीपाशी उभं राहून पाळ्या करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. अलीकडचा नवा त्रास जिममधला आहे. दंड फुगवण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं आणि स्टेरॉइड घेणाऱ्या मुलांना वाटतं आपलं पुरुषत्व वाढतंय. बाहेरून हार्मोन आलं की मेंदू अंडकोशाला काम थांबवायचा निरोप देतो, आणि धडधाकट दिसणाऱ्या पोराचा रिपोर्ट निल येतो. इंजेक्शनं बंद केल्यावर बहुतेकांमध्ये शुक्राणू परततात, पण त्याला महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त.

पास झालेल्या दात्याचं वीर्य लगेच वापरत नाहीत. सहा महिने ते बाजूला ठेवून दात्याचं रक्त पुन्हा तपासण्याची शिस्त आहे. एचआयव्हीची लागण झाल्यावर काही काळ रक्ततपासणीत ती दिसत नाही. त्या काळात दिलेलं वीर्य वरकरणी स्वच्छ ठरेल आणि एका निरोगी बाईला आजार जाईल. सहा महिन्यांनंतरचा रिपोर्ट स्वच्छ आला की मगच कांडी बाहेर निघते. दात्याचं वीर्य जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतं.

बँकांचं आणखी एक काम आहे आणि मराठवाड्यासाठी ते दानाइतकंच मोलाचं आहे. संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय मराठवाड्याबरोबर खानदेश-विदर्भातल्या रुग्णांनाही जवळचं वाटतं. रुग्णांत विशी-तिशीतली मुलंही असतात. अंडकोशाचा कर्करोग आणि हॉजकिन लिम्फोमा हे तर विशेषतः तरुणांना गाठणारे आजार. ते पुष्कळदा पूर्ण बरे होतात, पण केमोथेरपीनं आणि किरणोपचारानं शुक्राणू कायमचे जाऊ शकतात. उपचाराआधी दोन-तीन नमुने स्वतःसाठी गोठवून ठेवले तर पुढं बाप होण्याची वाट उघडी राहते. अशा वेळी घरचे जिवाच्या काळजीत असतात, डॉक्टर घाईत असतात आणि एकविशीचा मुलगा वडिलांसमोर हा विषय काढू शकत नाही. म्हणून केमोचा पहिला डोस लागण्याआधी हा प्रश्न डॉक्टरांनी किंवा परिचारिकेनं स्वतःहून काढायला हवा, आणि मुलाला एकट्याला बाजूला घेऊन काढायला हवा. पुण्यातल्या एका कुटुंबाचा मुलगा जर्मनीत शिकताना मेंदूच्या कर्करोगानं आजारी पडला. तिथल्या डॉक्टरांनी केमोआधी त्याचं वीर्य गोठवून ठेवलं होतं. मुलगा गेला. त्याच्या आईनं ते वीर्य पुण्याला आणलं, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सरोगसीनं जुळी नातवंडं जन्मली. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही अशाच एका दिवंगत तरुणाचं गोठवलेलं वीर्य आईवडिलांना द्यायचा आदेश दिला. आपल्या माघारी त्या नमुन्याचं काय करायचं, हे साठवणीच्या अर्जावर प्रत्येकानं स्पष्ट लिहून ठेवावं. नाहीतर दुःखात बुडालेल्या माणसांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

दात्याच्या कागदपत्रांकडं पुन्हा वळतो. बँक नाव, पत्ता, आधार क्रमांक लिहून घेते. ही माहिती गोपनीय राहते. राष्ट्रीय नोंदवही, वैद्यकीय निकड आणि न्यायालयाचा आदेश एवढ्याच वाटांनी ती बाहेर येऊ शकते. जन्मलेलं मूल कायद्यानं त्या जोडप्याचंच, दात्याचा त्याच्यावर कोणताही हक्क नाही. याची कसोटी मुंबई उच्च न्यायालयात ऑगस्ट २०२४ मध्ये लागली. एका बाईला मूल होत नव्हतं म्हणून तिच्या धाकट्या बहिणीनं स्त्रीबीज दिलं, सरोगसीनं २०१९ मध्ये जुळ्या मुली झाल्या. पुढं नवराबायकोत फाटलं. नवरा मुलींना घेऊन निघून गेला. स्त्रीबीज देणारी मेहुणी त्याच्या घरी राहून मुलींना सांभाळू लागली आणि मुलींची जैविक आई तीच, असा युक्तिवाद झाला. न्यायालयानं तो फेटाळला. स्त्रीबीज किंवा शुक्राणू देणाऱ्याला पालक म्हणून हक्क सांगता येत नाही, असं म्हणून आईला दर आठवड्याच्या शेवटी मुलींना भेटू द्यायला सांगितलं. प्रकरण स्त्रीबीजाचं होतं, पण वीर्य देणाऱ्यालाही तेच लागू. हक्क नाही, तशी पोटगीची किंवा वारसाची जबाबदारीही अंगावर येत नाही.

कायदा एका ठिकाणी मात्र गप्प आहे. दात्याच्या वीर्यातून जन्मलेल्या मुलानं मोठेपणी विचारलं, ‘मी कुणाचा?’, तर त्याला उत्तर मिळवण्याचा सरळ मार्ग आपल्याकडं नाही. ब्रिटननं १ एप्रिल २००५ पासून ही गुप्तता काढून टाकली. त्यानंतरच्या दात्यांची मुलं अठरा वर्षांची झाली की दात्याचं नाव विचारू शकतात. तिथं दाते नाहीसे होतील ही भीती होती, पण तसं झालं नाही. आपल्याकडं एवढी मोकळीक लगेच झेपेल असं मी म्हणत नाही. पण थुंकीच्या नमुन्यावरून नातेवाईक शोधून देणाऱ्या तपासण्या परदेशात घरोघरी पोचल्या आहेत. पुढच्या वीस वर्षांत त्या इथंही स्वस्त होतील. तेव्हा आज ‘कुणाला कळणार नाही’ असं बँकेनं सांगितलं तरी दात्यानं ते कायमचं धरून चालू नये. चुलत भावानं हौसेखातर केलेल्या तपासणीतून उद्या कुणीतरी दार ठोठावू शकेल.

म्हणून लग्न झालेल्यानं बायकोला विचारूनच वीर्यदान करावं, आणि लग्न व्हायचंय त्यानं ते ठरण्यापूर्वी सांगावं. कायदा हे मागत नाही, पण वीस वर्षांनी तिला ते तिसऱ्याकडून कळलं तर तिच्यावर काय ओढवेल याचा विचार दात्यानंच करायला हवा. बँक निवडताना हेही विचारावं: तुम्ही बंद पडलात तर कागद कुठं जातील? कायद्यानुसार नोंदी किमान दहा वर्षं ठेवायच्या आणि मग राष्ट्रीय नोंदवहीकडं सोपवायच्या असतात. हे ज्यांना सांगता येत नाही त्यांच्याकडं नमुना देऊ नये. आपल्या संमतिपत्राची प्रत, बँकेचा नोंदणी क्रमांक आणि आपला दाता क्रमांक एका पाकिटात घालून दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रांबरोबर जपून ठेवावा. पुढं चाळिशीत स्वतःला किंवा सख्ख्या भावाला एखादा आनुवंशिक आजार निघाला, तर पहिला फोन डॉक्टरांना आणि दुसरा त्या बँकेला करायचा. त्या क्रमांकावरून बँक क्लिनिकला गाठेल आणि क्लिनिक त्या घराला, म्हणजे तिथल्या मुलाची तपासणी वेळेत होईल.